सर्वांत घन पदार्थ, सर्वांत घन थर आणि पुळणीवरची काळी वाळू

गुहागर तालुक्यातील एका शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांच्या वतीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पृथ्वीवरील सर्वांत घन, म्हणजे तेवढ्याच जागेत सर्वांत जड भरणारा, पदार्थ कोणता? पृथ्वीच्या पोटातील सर्वांत घन थर कोणता? आणि जड ते खाली, हलके ते वर हा नियम खरा असेल, तर पावसाळ्यानंतर पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यावर, काळी, जड वाळू वरच्या अंगाला कशी दिसते? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत खनिजांच्या सर्वेक्षणाचे काम करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे तिसऱ्या प्रश्नाकडे माझा ओढा अधिक आहे. परंतु पहिल्या दोघांचा उलगडा झाल्याशिवाय तिसऱ्याचे उत्तर नीट पटणार नाही.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात देता येतात. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला मोजलेला सर्वांत घन पदार्थ म्हणजे ऑस्मियम ही धातू असून तिची घनता दर घन सेंटीमीटरला २२.५९ ग्रॅम आहे. सर्वांत घन थर म्हणजे पृथ्वीचा आंतरगाभा, आणि अगदी केंद्राशी त्याची घनता सुमारे १३.०९ आहे. (यापुढे मी एकक पुन्हा लिहीत नाही, पाण्याच्या किती पट, असे समजून वाचले तरी चालेल.) या दोन आकड्यांमध्येच खरा प्रश्न दडलेला आहे. पृथ्वीचा सर्वांत घन थर सोन्याहून (१९.३) हलका आहेच, पण जुन्या तापमापकातल्या पाऱ्याहूनही (१३.५३) किंचित हलका आहे. सर्वांत जड धातू तळाशी साचलेल्या असत्या, तर असे झाले नसते. तेव्हा थराची घनता आणि पदार्थाची घनता यांना वेगवेगळी कारणे आहेत, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

ऑस्मियम किती जड, याची कल्पना आपल्याकडच्या मापाने करून देतो. खडी आणि वाळू आपण ब्रासने मोजतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक घनफूट पाणी सुमारे २८ किलो भरते. तेवढाच जांभा, त्यातील छिद्रे कमी-जास्त असतील त्याप्रमाणे, साधारण ५५ ते ६० किलो भरतो. अखंड काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, ८० किलोच्या आसपास जातो. सोने ५४६ किलो भरेल आणि ऑस्मियम ६४० किलो. म्हणजे ऑस्मियमचा एक भरीव ब्रास ६४ टनांचा होईल. अर्थात इतके ऑस्मियम एका जागी कोणी पाहिलेले नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही.

ऑस्मियमचा मान त्याच्या शेजाऱ्याने, इरिडियमने, जवळजवळ हिरावून घेतला होता. दोन्ही धातू स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये एकाच कच्च्या प्लॅटिनमच्या अवशेषातून वेगळ्या केल्या. इरिडियमची घनता २२.५६ आहे, फरक इतका बारीक, की कोणाला पहिले मानावे यावर दीर्घकाळ मतभेद होते. स्फटिकातील अणूंमधील अंतरे क्ष-किरणांनी काटेकोरपणे मोजून घनतेचे हिशेब नव्याने मांडले गेले, तेव्हा ऑस्मियमचे पारडे जड ठरले. मात्र हा निकाल आपल्या पृष्ठभागावरच्या दाबापुरताच आहे. इरिडियम ऑस्मियमपेक्षा थोडे अधिक दाबले जाते, त्यामुळे तापमान नेहमीचेच ठेवून दाब सुमारे ३ गिगापास्कलच्या (आपल्या वातावरणाच्या सुमारे तीस हजार पटीच्या) पलीकडे नेला, की इरिडियम पुढे जाते. एवढा दाब जमिनीखाली साधारण १०० किलोमीटरवर असतो. सर्वांत घन कोण, हा प्रश्न कोणत्या दाबाखाली, हे सांगितल्याशिवाय अपुराच राहतो. हासियमसारखी कृत्रिम मूलद्रव्ये याहून घन असावीत असे गणित सांगते, पण ती मोजक्या अणूंच्या रूपात काही क्षण टिकतात. वजनकाट्यावर ठेवण्याजोगी ती नाहीत, म्हणून त्यांना या चर्चेतून वगळतो.

आता थरांकडे वळू. पृथ्वी आतून पृष्ठभागापेक्षा पुष्कळ घन आहे, ही गोष्ट कोणीही खोल न उतरता कळली. पृथ्वी पाण्याच्या पाच ते सहा पट घन असावी, असा अंदाज न्यूटनने केला होता. १७७४ मध्ये स्कॉटलंडमधील शिहॅलियन डोंगराच्या आकर्षणाने ओळंबा किती कलतो, हे मॅस्केलिनने मोजले आणि त्यावरून सुमारे साडेचार हा आकडा निघाला. १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी शिशाच्या गोळ्यांमधील आकर्षण पिळाच्या तराजूवर मोजून ५.४८ हे उत्तर दिले. आजचा मान्य आकडा ५.५१ आहे. बंद खोलीत केलेल्या प्रयोगाची ही अचूकता मला आजही थक्क करते. आता हिशेब सोपा आहे. पृष्ठभागावरचे खडक अडीच ते तीन पट, आणि सरासरी मात्र साडेपाच. तेव्हा आत कोठेतरी सरासरीच्याही बरेच वर जाणारे काहीतरी असलेच पाहिजे.

ते काहीतरी नेमके कोठून सुरू होते, हे भूकंपांनी दाखवले, आणि त्या कथेची सुरुवात भारतात होते. १२ जून १८९७ रोजी आसामात झालेल्या महाभूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला आणि दूरच्या यंत्रांवरील नोंदींमध्ये प्राथमिक, दुय्यम व पृष्ठभागी अशा तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखल्या. याच मार्गाने १९०६ मध्ये त्यांनी पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावा मांडला. त्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटरवर असल्याचे गुटेनबर्ग यांनी १९१४ मध्ये दाखवले. गाभा द्रवरूप आहे हे जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये सिद्ध केले. आणि त्या द्रवाच्या आतही एक वेगळा आंतरगाभा आहे हे डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. १९६० च्या चिलीतील भूकंपाने संपूर्ण पृथ्वी घंटेसारखी कंप पावली आणि त्या कंपनांवरून घनतेचे गणित आणखी पक्के झाले. आज वापरात असलेला थरवार घनतेचा तक्ता मुख्यतः जेवोन्स्की आणि अँडरसन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या प्रतिमानावर आधारलेला आहे. या उत्तरातील खोलीवरचे आकडे त्यातलेच आहेत.

त्या तक्त्यानुसार खंडीय कवच सरासरी २.७ ते २.८ आणि सागरतळाचे बेसॉल्टी कवच सुमारे २.९ आहे. कवच संपून प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांमधला खडकाचा जाड थर, लागले की घनता ३.३ ते ३.४ होते. ४१० किलोमीटरच्या आसपास ती ३.५४ वरून ३.७२ वर, आणि ६६० किलोमीटरच्या आसपास ३.९९ वरून ४.३८ वर एकदम चढते. या दोन पायऱ्यांवर खडकाचे रासायनिक घटक फारसे बदलत नाहीत. बदलते ती अणूंची रचना. ऑलिव्हीन हे हिरवट खनिज दाबाखाली आधी वॅड्सलेआइट, मग रिंगवुडाइट होते, आणि त्याखाली त्याचे विभाजन होऊन ब्रिजमनाइट आणि एक मॅग्नेशियम-लोहाचे ऑक्साइड तयार होते.

घटक तेच आणि घनता वेगळी, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवघड वाटते, असा माझा अनुभव आहे. त्यांना कणकवली तालुक्यातील कासार्डे येथील सिलिका वाळूचे उदाहरण द्यावे. ती वाळू म्हणजे क्वार्ट्झ, घनता २.६५. हेच सिलिका जमिनीखाली शंभरेक किलोमीटरवरच्या दाबाला कोएसाइट या रूपात २.९२ होते, आणि सुमारे ३०० किलोमीटरवरच्या दाबाला स्टिशोव्हाइट होऊन ४.२९ वर जाते. एकही अणू बाहेरून आलेला नाही. क्वार्ट्झमध्ये प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात, स्टिशोव्हाइटमध्ये सहा. मांडणी घट्ट झाली एवढेच. स्टिशोव्हाइट १९६१ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि पुढच्याच वर्षी ॲरिझोनातील उल्काविवरात नैसर्गिक रूपात सापडले.

प्रावरणाच्या तळाशी, २,८९१ किलोमीटरवर, घनता ५.५७ असते, आणि तेथून बाह्यगाभ्यात पाऊल ठेवताच ती ९.९० होते. पृथ्वीच्या पोटातील सर्वांत तीव्र सीमा ती हीच. आपण ज्यावर उभे आहोत ती हवा आणि कातळ यांच्यातील सीमासुद्धा घनतेच्या फरकाने तिच्यापुढे कमीच भरते, कारण हवेतून खडकात जाताना फरक जेमतेम २.७ चा पडतो आणि येथे तो ४.३ चा आहे. याचे कारण मात्र दाब नव्हे. येथे पदार्थच बदलतो. वर सिलिकेट खडक, खाली वितळलेले लोखंड आणि थोडे निकेल. बाह्यगाभ्याच्या तळाशी, ५,१५० किलोमीटरवर, घनता १२.१७ होते, आंतरगाभ्यात शिरताना ती १२.७६ होते आणि केंद्राशी १३.०९. तेथील दाब सुमारे ३६४ गिगापास्कल, म्हणजे आपल्या वातावरणाच्या छत्तीस लाख पट आहे. तापमान पाच हजार अंश सेल्सिअसच्या वर असूनही आंतरगाभा घनरूप राहतो, तो या दाबामुळे.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. पृष्ठभागावर लोखंडाची घनता ७.८७ असते. ती तेरावर नेण्याचे काम दाबाने केले. आणि तरीही बाह्यगाभा त्या दाबाखालच्या शुद्ध लोखंडापेक्षा पाच ते दहा टक्के हलका भरतो. फ्रान्सिस बर्च यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ही तूट दाखवली. गंधक, ऑक्सिजन, सिलिकॉन, कार्बन, हायड्रोजन यांपैकी काही हलकी मूलद्रव्ये लोखंडात विरघळलेली असावीत. त्यांचे नेमके प्रमाण हा अजूनही वादाचा विषय आहे. आंतरगाभा गोठत जातो तेव्हा ही हलकी द्रव्ये बरीचशी द्रवातच मागे राहतात आणि वर चढू लागतात. बाह्यगाभ्यातील या घुसळणीतूनच पृथ्वीचे चुंबकत्व निर्माण होते. खलाशाच्या होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, त्यामागे पाच हजार किलोमीटर खोलीवरचा घनतेचा हा लहानसा फरक आहे.

मग सोने, प्लॅटिनम, ऑस्मियम गेले कोठे? त्यांचा फार मोठा भाग गाभ्यातच गेला, पण स्वतःच्या वजनाने नव्हे. पृथ्वी बाल्यावस्थेत वितळलेली असताना लोखंड खाली झिरपले आणि जी मूलद्रव्ये लोखंडात विरघळणे पसंत करतात, ती त्याच्याबरोबर गेली. व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२० च्या दशकात मूलद्रव्यांची लोहप्रेमी, शैलप्रेमी, गंधकप्रेमी अशी विभागणी केली, तिचा पाया हाच आहे. याची कसोटी म्हणजे युरेनियम. धातुरूपात त्याची घनता १९ च्या वर, म्हणजे सोन्याच्या जवळ जाणारी आहे. जडपणावरच सगळे ठरत असते, तर युरेनियम केंद्राशी असायला हवे होते. पण त्याला लोखंडापेक्षा ऑक्सिजन अधिक प्रिय आहे, आणि वितळलेल्या खडकाबरोबर ते वर सरकते. म्हणून ते कवचात, विशेषतः ग्रॅनाइटमध्ये, साठले. कवचाच्या दहा लाख भागांत युरेनियमचे अडीच-तीन भाग असतात, तर इरिडियमचा अब्ज भागांत एक भागही भरत नाही.

इरिडियमच्या याच दुर्मीळपणामुळे १९८० मध्ये एक मोठा शोध लागला. इटलीतील गुब्बिओ येथील चिकणमातीच्या पातळ थरात इरिडियमचे प्रमाण अवाजवी असल्याचे लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पिता-पुत्रांनी सहकाऱ्यांसह दाखवले आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मोठा अशनी आदळल्याचे अनुमान काढले. अशनींमधले इरिडियम गाभ्यात बुडालेले नसल्यामुळे त्यांच्यात ते कवचाच्या हजारो पट असते. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या उद्रेकांतून आला, तेही साधारण त्याच काळातले. पृष्ठभागावर आज जे थोडेफार सोने-प्लॅटिनम सापडते, तेही बहुतांशी गाभा वेगळा झाल्यानंतर आदळलेल्या अशनींनी आणले, असे आज पुष्कळ अभ्यासक मानतात. कोकणातील सर्वांत घन खनिजे या पंक्तीतली नाहीत. रेडीचे हेमटाइट शुद्ध रूपात ५.२६ आणि कणकवलीजवळच्या वागदे-जानवली पट्ट्यातील क्रोमाइट ४.५ ते ४.८, एवढीच त्यांची मजल आहे.

आता जड खाली, हलके वर या नियमाविषयी. पदार्थ वाहू शकतो तेथेच हा नियम चालतो. वितळलेल्या पृथ्वीत तो चालला, आजही प्रावरणात लाखो वर्षांच्या संथ गतीने चालतो. परंतु थंड, ताठ कवचात तो सर्रास मोडलेला दिसतो. आपल्या सड्यावर जांभा वर आणि काळा दगड खाली असतो, तेव्हा नियम पाळला गेल्यासारखा वाटतो. पण जांभा तरंगून वर आलेला नाही, तो त्याच काळ्या दगडाचे वरचे अंग कुजून, झिजून जागच्या जागी तयार झालेला आहे. त्याच्या खाली पाहिले तर नियम उलटाच आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी सुमारे तीन किलोमीटर खोल विंधन करण्यात आले, तेव्हा बेसॉल्टचे थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपले आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे २.९ घनतेचा खडक २.७ घनतेच्या खडकावर ६ कोटींहून अधिक वर्षे बसून आहे. खालचा खडक इतका ताठ आहे, की वरच्याला बुडायला वाट नाही.

मोठ्या अंतरावर मात्र कवचालाही झुकावे लागते. १८५५ मध्ये कलकत्त्याचे धर्माधिकारी आणि गणितज्ञ आर्चडीकन प्रॅट यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील आकडे तपासले. हिमालयाच्या दृश्य वस्तुमानानुसार कलियाना आणि कलियानपूर या ठिकाणांमधील ओळंब्यात १५.९ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) फरक यायला हवा होता. प्रत्यक्षात तो ५.२ विकलांचाच होता. पर्वताखाली कमी घनतेचे द्रव्य खोलवर असल्याखेरीज हे जुळत नव्हते. कोकणात याच्या उलट प्रकार आहे. मुंबई आणि तिच्या आसपासच्या किनाऱ्यावर गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा अधिक भरते, तर घाटमाथ्याकडे ते कमी होत जाते. किनाऱ्याच्या कवचात बेसॉल्टी जातीचे घन खडक खालून घुसून गोठले असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. पायाखाली काय आहे हे न खणता ओळखण्याचे यापेक्षा स्वस्त साधन आमच्या व्यवसायात नाही.

शेवटी काळी वाळू. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्या, मालगुंड अशा पुळणींवरची काळी वाळू प्रामुख्याने इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचे ऑक्साइड, सुमारे ४.७) आणि मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारे लोहाचे ऑक्साइड, ५.२) यांची असते. ही खनिजे बेसॉल्टमध्ये बारीक कणांच्या रूपात विखुरलेली असतात. दगड कुजला, जांभा झिजला, की नद्या ती खाडीत आणि खाडीतून किनाऱ्यावर आणून टाकतात. केरळातील चवरा येथील वाळूत झिरकॉन आणि मोनाझाइटही लक्षणीय असतात, कारण तेथील मूळ खडक वेगळे आहेत. पाण्यात बुडताना दाण्याचा वेग घनता आणि आकार या दोन्हींवर ठरतो. ०.१० मिलिमीटरचा इल्मेनाइटचा दाणा आणि ०.१५ मिलिमीटरचा क्वार्ट्झचा दाणा जवळजवळ एकाच वेगाने तळाशी पोचतात आणि शेजारी शेजारी बसतात. निवड होते ती यानंतर. लाट परतताना पाण्याचा पातळ पदर वाळूवरून घसरतो. मोठा पांढरा दाणा डोके वर काढून असल्यामुळे तो ओढला जातो, लहान काळा दाणा फटीत दडून राहतो. सुपात भात पाखडताना दाण्याच्या वजनावर निवड होते. लाटेच्या पाखडणीत वजनाबरोबर दाण्याचे लहानपणही उपयोगी पडते.

पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू खरवडून आत समुद्रात नेतात. त्या वेळी पांढरी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा अधिक जातो, काळा भाग मागे राहतो. म्हणून आपल्याला ती वर दिसते. ती वर चढलेली नसते, तिच्यावरचे पांघरूण गेलेले असते. भाद्रपदानंतर समुद्र निवळतो, हलकी वाळू परत येते आणि तो थर झाकला जातो. हिवाळ्यात गुडघाभर खड्डा खणला, तर काळे-पांढरे पट्टे एकाआड एक दिसतात.

विद्यार्थ्यांना हे मोजून पाहायचे असेल, तर दोन्ही वाळू गोड्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि एक लिटरचे माप काठोकाठ भरून वजन करावे. दाण्यांमध्ये सुमारे ४० टक्के पोकळी धरल्यास क्वार्ट्झची वाळू १.६ किलोच्या आसपास आणि निव्वळ इल्मेनाइटची २.८ किलोच्या आसपास भरते. प्रत्यक्ष काळ्या वाळूचे वजन या दोहोंच्या मध्ये येईल, आणि ती कितपत शुद्ध आहे हे त्यावरून कळेल. जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवले, की मॅग्नेटाइट चटकन चिकटते. इल्मेनाइट सहसा मागे राहते. जांभ्याच्या तुकड्याची घनता पाण्यात टांगून काढायची असल्यास त्यावर आधी मेणाचा पातळ लेप द्यावा, नाहीतर छिद्रांत पाणी शिरून आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. आणि मेणाचे वजन शेवटी वजा करायला विसरू नये.